मुक्या जीवाचा शोध

मनुष्येतर प्राण्यास आपल्या सोबत्याचे मरण कळते किंवा नाही, हा प्रश्न प्रथमदर्शनी शास्त्रचिंतनाच्या कक्षेतील वाटणार नाही. जीवाचे स्वरूप, त्याचे बंधन आणि त्याचा उद्धार यांचा विचार ज्या पृष्ठांतून व्हावयाचा, तेथे मांजराचा विचार कशासाठी, असे कोणी सुज्ञ वाचक विचारील तर त्याचे विचारणे अयोग्य नव्हे. काही वर्षांपूर्वीपर्यंत माझेही मत तेच होते. परंतु एखादा प्रश्न आपल्याच उंबऱ्यावर येऊन बसला म्हणजे त्यास ओलांडून जाता येत नाही. हा प्रश्न माझ्या मागील दारी सुमारे महिनाभर रोज रात्री येऊन बसत असे.

आलापल्ली हे गाव सागवानामुळे ओळखले जाते. येथील जुन्या सागाचा जो वनखंड 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने राखून ठेविला आहे, तो २०१४ साली महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. अशा रानाच्या कडेला राहणाऱ्या गृहस्थाच्या घरी मांजर हौसेखातर नसते. धान्याच्या कणगीस उंदीर लागतो, उंदरामागून साप येतो, म्हणून मांजर पाळावे लागते. आमच्या घरीही ते याच हिशेबाने आले. एका वेताची दोन पिले होती. बोक्यास मुलांनी भुऱ्या म्हटले आणि भाटीस मनी. सात वर्षे ती दोघे एकाच गोणपाटावर, एकमेकांच्या कुशीत डोके खुपसून निजली. त्यांच्यात भांडणे होत नसत असे मात्र नाही. माशाचे डोके आणिले की दोघांतील सगळा बंधुभाव क्षणात संपुष्टात येई.

श्रावणातील एका पहाटे भुऱ्या सरपणाच्या ढिगापाशी मरून पडलेला मला आढळला. पुढच्या पायावर सूज होती. रात्री त्याची कशाशी गाठ पडली असेल, हे या भागातील माणसास निराळे सांगावे लागत नाही. घरातील मंडळी उठावयाच्या आत मी त्यास जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळिले, परसातील मोहाच्या झाडाखाली खड्डा करून पुरले, ढिगापाशी पाणी टाकून जागा स्वच्छ केली आणि त्या दोघांचे गोणपाट धुऊन वाळत घातले. मनी त्या वेळी कौलांवर कोठेतरी होती. ती उतरून आली तेव्हा घर नेहमीसारखे होते. मुलांना ते दुःखद दर्शन घडले नाही, मांजरासही घडले नाही, या विचाराने मला एक प्रकारचे समाधान वाटले. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करितो, कारण पुढील सर्व विवेचन त्या समाधानाविषयीच आहे.

पहिल्या दिवशी मनीचे काही बिनसले आहे असे दिसले नाही. दुसऱ्या रात्री ती मागील दाराशी बसून ओरडू लागली. ते ओरडणे भुकेचे नव्हते आणि माजाचेही नव्हते. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हा भेद कानाने कळतो. एक लांब स्वर, मग थांबणे, कान पुढे करून ऐकणे, आणि पुन्हा तोच स्वर. ओरडण्यापेक्षा ते मधले ऐकणे मला अधिक असह्य होई. दिवसा ती भुऱ्याच्या जागा क्रमाने फिरे: सरपणाचा ढीग, कणगीची मागील बाजू, माळ्यावरील जुनी पेटी. धुतलेले गोणपाट तिने एकदा हुंगिले आणि पुन्हा त्यावर ती बसली नाही. दूध अर्धे टाकी. माझी पत्नी म्हणे, त्याचा वाटा ठेविते आहे. मी तसे म्हणणार नाही. तिची भूक मंदावली होती, इतकेच मला म्हणता येईल. मोहाखालच्या जागेकडे मात्र ती एकदाही गेली नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध गोंड बाई राहत. मनीचे हे रात्रीचे प्रकरण सगळ्या आळीस ऐकू जात असल्यामुळे एके सकाळी त्या कुंपणाशी आल्या आणि सर्व हकीकत विचारून घेऊन म्हणाल्या, "गुरुजी, तिले एकदा वास घेऊ द्याले पायजे होता."

मी म्हणालो, "मावशी, मांजराला काय समजते?"

त्या म्हणाल्या, "नाही समजत म्हणूनच त शोधून राहिली ना."

यावर मला काही बोलता आले नाही. शाळेत चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारण्यात घालविलेल्या माणसास एका निरक्षर बाईने असे उत्तर द्यावे, याचा थोडासा रागही आला असावा. पुढे जे काही वाचले आणि जो काही विचार केला, तो त्या एका वाक्याचा माग काढण्यासाठी.

माणूस मांजरासाठी शोक करितो, याची साक्ष फार जुनी आहे. घरातील मांजर मेले असता मिसर देशातील माणसे भुवया भादरून घेत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेविले आहे. आपल्याकडेही मांजर मारल्यास सोन्याचे मांजर करून काशीस वाहावे, असा लोकसमज आहे. परंतु या दोन्ही गोष्टींत विचार आहे तो माणसाच्या दुःखाचा किंवा माणसाच्या पापाचा. मागे उरलेल्या मांजराचे काय झाले, हे विचारावे असे कोणास वाटले नाही. ते विचारण्यास विसावे शतक सरत यावे लागले.

२०१६ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील पशुपालकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सोबती गमावलेले १५९ कुत्रे आणि १५२ मांजरे यांचा विचार होता. मृत सोबत्याची आवडती जागा शोधून तेथे जाणे, धन्याच्या अंगाशी अधिक लगट करणे, हे दोन्ही जातींत आढळले. मांजरांच्या बाबतीत शेकडा ४३ मध्ये ओरडण्याचे प्रमाण वाढले होते आणि शेकडा ३२ मध्ये ओरडण्याचा आवाज मोठा झाला होता. बहुधा सहा महिन्यांच्या आत हे बदल ओसरले. नंतर २०२४ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातील ओकलंड विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी चारशेहून अधिक मांजरपालकांना प्रश्न विचारून असाच अभ्यास केला. सोबती गेल्यावर मांजरांचे खाणे, निजणे, खेळणे कमी झाल्याचे आणि हे बदल दोघांच्या सहवासाशी व जवळिकीशी निगडित असल्याचे त्यांना दिसले. मृत सोबती मांजर नसून कुत्रा असला तरीही असे बदल आढळले, ही त्यातील विशेष लक्षणीय गोष्ट होय.

हे वाचून मला प्रथम आनंद झाला, आणि तेथेच सावध व्हावयास हवे होते. या सर्व अभ्यासांत मांजराने काहीच सांगितलेले नाही. सांगितले आहे ते त्याच्या धन्याने, आणि तो धनीही त्याच मरणाने व्यथित झालेला आहे. स्वतः रडणाऱ्यास सगळे घर रडताना दिसते. २०२४ च्या अभ्यासकर्त्यांनीही ही अडचण झाकून ठेविली नाही. ज्या पालकांचा स्वतःचा शोक अधिक होता, त्यांनी आपल्या मांजराचे लपून बसणे, एकटे राहणे, अधिक निजणे ही लक्षणे अधिक सांगितली, असे त्यांनीच नोंदविले आहे. शिवाय सोबती गेल्याने काही मांजरांस उलट बरे वाटते, हेही अनुभवाचे आहे. मांजराचा मूळ पूर्वज, आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर, हा एकट्याने शिकार करणारा प्राणी होय. गाय, हत्ती किंवा वानर यांच्याप्रमाणे कळप हा त्याचा जन्मजात आधार नव्हे. तेव्हा एका घरात ठेविलेल्या दोन मांजरांत स्नेहच असेल असे धरून चालणे हा आपला भाबडेपणा ठरेल. भुऱ्या आणि मनी यांच्यात स्नेह होता असे मी म्हणतो, ते सात वर्षे डोळ्यांनी पाहिलेल्या त्या गोणपाटाच्या आधारावर.

मांजरास मरण आधीच कळते, असाही एक समज आहे. अमेरिकेतील र्‍होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स येथील एका शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचा बोका होता. जो रुग्ण थोड्याच तासांत जावयाचा, त्याच्या बिछान्यावर हा बोका जाऊन बसे. तेथील वैद्य डेव्हिड डोसा यांनी २००७ साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला, तोपर्यंत असे पंचवीसहून अधिक प्रसंग घडले होते. मरणासन्न देहातून येणारा काही विशिष्ट गंध त्यास येत असावा, असा तर्क केला गेला. तो सिद्ध झालेला नाही. हा बोका २०२२ साली मरण पावला. या कथेने पुष्कळ लोक भारावून जातात. मला मात्र त्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही. मरणाचा गंध येणे निराळे आणि आपला माणूस गेला हे कळणे निराळे.

वास्तविक मरण म्हणजे काय, हे मांजराइतके कोणास ठाऊक असावे? उंदीर धडपडतो तोपर्यंत ते त्याशी एका रीतीने वागते आणि तो निश्चल झाला की दुसऱ्या रीतीने. हललेला उंदीर पुन्हा दाबते, न हललेला खाते किंवा टाकून देते. तो पुन्हा उठून पळेल अशी वाट ते पाहत बसत नाही. स्पेनमधील तत्त्वज्ञ सुसाना मोन्सो यांनी प्राण्यांच्या मृत्युज्ञानावर अलीकडे पुष्कळ लिहिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मरणाची माणसासारखी परिपूर्ण कल्पना नसली तरी 'हा आता काही करीत नाही आणि पुन्हा करणार नाही' एवढी किमान जाणीव अनेक प्राण्यांत असणे शक्य आहे, आणि शिकारी प्राण्यांस ती मिळविण्याची संधी तर रोजच असते. हे मला पटते. परंतु येथेच एक विलक्षण दरी दिसते. जे मांजर उंदराच्या मरणाविषयी इतके निःशंक आहे, तेच आपल्या भावाच्या बाबतीत महिनाभर दाराशी बसून ऐकत राहते. यावरून ते मरण जाणत नाही असे म्हणावे, की उंदराचे मरण आपल्या भावासही येऊ शकते हे त्यास ठाऊक नाही असे म्हणावे? आणि माणसाची तरी निराळी गत काय आहे! दुसऱ्याच्या घरच्या प्रेतयात्रेत सर्वांना मरण कळते.

शेजारच्या बाईंनी वासाचा उल्लेख केला होता. त्याचाही विचार केला पाहिजे. मांजराचे जग हे मोठ्या अंशाने गंधाचे जग आहे. त्याच्या गालांत, कपाळात, शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. एकत्र राहणारी मांजरे अंगास अंग घासतात तेव्हा त्यांचा गंध एक होतो, आणि आपले कोण व परके कोण हे त्यावरून ठरते. याचा एक प्रत्यय पशुवैद्याकडून परत आणलेल्या मांजराच्या बाबतीत येतो. औषधाचा वास अंगास लागलेल्या आपल्याच भावंडावर घरातील मांजर फिस्कारते. रूप तेच, डोळे तेच, पण गंध बदलला म्हणजे तो परका. मग मृत देहाचे काय? देह थंड होतो, त्याचा गंध पालटू लागतो. मनीला मी भुऱ्याचा देह दाखविला असता तर तिने कदाचित हुंगून 'हा तो नव्हे' असेच ठरविले असते, आणि तो कोठे गेला म्हणून शोध चालूच ठेविला असता. देह समोर असता 'हा तो नव्हे' असे वाटणे, ही गोष्ट जीव आणि देह यांचा भेद घोकणाऱ्या आम्हां मंडळींना थोडी ओशाळविणारी आहे खरी. तथापि मांजरास तत्त्वज्ञानी ठरविण्याचा माझा उद्देश नाही. सांगावयाचे ते इतकेच की, देह दाखविल्याने प्राण्याचा शोध थांबतोच, असे कोणी सिद्ध केलेले नाही. पुष्कळ पशुवैद्य दाखवावा असे सुचवितात, आणि त्यात अपायही दिसत नाही. परंतु बाईंचा उपाय अचूक होता म्हणून मी चुकलो, असे मला म्हणता येत नाही. मी चुकलो असेन तर ते निराळ्या कारणाने.

ते कारण मला आमच्याच रस्त्यावरील एका सुप्रसिद्ध घटनेने दिसले. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या वाटेवर हेमलकसा लागते. तेथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश आमटे यांनी पुढे रानातील अनाथ प्राण्यांचे जे घर उभे केले, त्याचा आरंभ एका माकडिणीच्या पिलापासून झाला. काही माडिया आदिवासी शिकार केलेली माकडे घेऊन चालले होते. त्यांतील एका मृत मादीच्या छातीस तिचे जिवंत पिलू बिलगलेले होते आणि ते तिचे दूध ओढू पाहत होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडून ते पिलू मागून घेतले, त्याचे नाव बबली ठेविले आणि त्यास वाढविले. शिकार करणाऱ्यांना येथे दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या पोटातील भूक ही काही कल्पित गोष्ट नव्हती.

त्या पिलास आई मेल्याचे कळले होते काय? नव्हते, हे तर उघड आहे. कळले असते तर ते दूध ओढीत राहिले नसते. मग त्यास दुःख नव्हते असे म्हणावयाचे काय? असे म्हणण्यास कोणाची जीभ रेटणार नाही. ते पिलू पाहून ज्याचे काळीज हलले त्याने आधी त्याच्या बुद्धीची परीक्षा घेतली नाही. किंबहुना त्याचे न कळणे हाच त्या दृश्यातील करुणेचा गाभा आहे. 'मांजराला काय समजते' या माझ्या वाक्यात जो युक्तिवाद दडला होता तो येथे उलटा पडतो. मी धरून चाललो होतो की समज कमी तर दुःख कमी. वस्तुतः काही दुःखे समज नसल्यामुळेच अधिक लांबतात. ज्यास वियोग झाल्याचे कळले त्याचे दुःख तीव्र असेल, पण त्यास एक तळ असतो. ज्यास कळलेच नाही तो दर रात्री दाराशी बसून कान पुढे करितो.

आता शास्त्राच्या बाजूने येणाऱ्या दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, आपल्या पंथात संबंधाचा त्याग सांगितला आहे. स्वदेश, स्वग्राम, आप्त यांचाही मोह ज्याने सोडावयाचा, त्याने मांजराच्या शोकात गुंतावे हे कितपत युक्त? दुसरा असा की, प्रत्येक जीव आपले कर्मफळ भोगीत असतो. मांजराचे भोग मांजरास, तेथे आपण काय करणार? दोन्ही आक्षेप मी इतरांच्या तोंडून ऐकले आहेत आणि सोयीच्या वेळी स्वतःही वापरले आहेत.

दुसऱ्याचे उत्तर मला लीळाचरित्रातील सशाच्या लीळेत मिळते. शिकाऱ्यांनी व त्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आसनाशी येऊन त्यांच्या जानूखाली दडला. शिकारी त्यास मागू लागले. शरण आलेल्यास देता येत नाही, हे स्वामींनी त्यांस समजाविले आणि ते निघून गेल्यावर सशास आदराने संबोधून जाऊ दिले. लीळा लहान आहे आणि वाचकांना ती तोंडपाठ आहे. मला तीतील दोनच गोष्टींकडे लक्ष वेधावयाचे आहे. सशाचे भोग सशास, असे स्वामी म्हणाले नाहीत. आणि सशास जे संबोधन केले ते आपल्या अनुयायांस करावे तसे आदराचे होते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ मानणाऱ्या आपल्या दर्शनात जीव हा जीवच. त्यास मनुष्यदेह लाभला तर ज्ञानाचा अधिकार येतो, हे खरे. परंतु अधिकार ज्ञानाचा आहे. दुःख सोसण्यासाठी कोणत्याही देहास अधिकार मिळवावा लागत नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर अधिक अवघड आहे, कारण त्यात तथ्य आहे. भुऱ्यासाठी मी रडलो असेन तर ती ममता. माझे मांजर, माझे घर, माझी सात वर्षे. साधकाने ती ओळखून बाजूस ठेवावी, हे योग्यच. परंतु मनीच्या बाबतीत मी काय केले? तिच्या बाबतीत मी ममताही केली नाही आणि दयाही केली नाही. तिला काही विचारावयाचे असते, तिच्याकडून काही हिरावले जाते आहे, हे माझ्या मनातच आले नाही. मी तिचे दुःख टाळिले नव्हते. त्या दुःखाचे दर्शन मला होऊ नये अशी व्यवस्था केली होती, आणि त्या व्यवस्थेस दया हे नाव दिले होते.

येथे मला माझ्या घरातील एक जुनी गोष्ट सांगावी लागते. सांगण्याची इच्छा नाही. पण ती टाळून हा लेख लिहिला तर तो खोटा होईल.

१९७९ साली माझा धाकटा भाऊ परप्रांतात नोकरीवर असता अपघातात गेला. आईचे हृदय अशक्त होते. आम्ही सर्व वडीलधाऱ्यांनी बसून ठरविले की तिला सांगावयाचे नाही. अंत्यविधी तिकडेच उरकून आम्ही परतलो आणि तिला म्हणालो, त्याची बदली फार लांब झाली, रजा मिळत नाही. ती पत्राची वाट पाहू लागली, तेव्हा मी त्याच्या नावाने पत्रे लिहू लागलो. तिला अक्षरओळख जेमतेम होती. पत्र मीच वाचून दाखवीत असे. अशी चौदा महिन्यांत नऊ पत्रे झाली. नवव्या पत्राच्या वेळी तिने ते माझ्या हातातून घेतले, बराच वेळ धरून ठेविले आणि म्हणाली, "अक्षर बदललं रे त्याचं." त्यानंतर तिने त्याच्याविषयी एकदाही विचारले नाही. पण पोस्टमनाच्या वेळेस ती ओसरीवर येऊन बसे, ते शेवटपर्यंत. मी तिला काही सांगितले नाही. तिने मला काही विचारले नाही. ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले की तिचे हृदय आम्ही समजत होतो तितके अशक्त नव्हते.

मनी दाराशी बसून कान पुढे करी तेव्हा मला ती ओसरी आठवत असे. मांजर आणि माता यांची तुलना कोणास अनुचित वाटेल. मीही ती मांजराच्या बाजूने करीत नाही; माझ्या बाजूने करितो. दोन्ही वेळी लपविणारा मीच होतो आणि दोन्ही वेळी समाधान पावलेलाही मीच.

आपल्या पंथाचे सर्व वाङ्मय हे वियोगातून निर्माण झालेले आहे, याचा विचार आपण पुरेसा करीत नाही. स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्यादी मंडळींनी जे आठविले, आणि म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिले त्यांना विचारून जे संकलित केले, त्यातून लीळाचरित्र आकारास आले. सन्निधान सरले आहे हे त्यांना ठाऊक होते. ते ठाऊक होते म्हणूनच त्यांचा शोध स्मरणाकडे वळला. रिद्धपूरच्या वाटेवर कोणी 'स्वामी आताच पुढे गेले' असे खोटे सांगून त्यांचे सांत्वन करीत राहिला असता, तर ते पुढच्या गावी, मग त्याच्या पुढच्या गावी धावत राहिले असते. आणि लीळा कोणी सांगितल्या नसत्या. ज्यास वियोग कळला त्यास स्मरणाचा मार्ग मोकळा होतो. ज्याच्यापासून तो लपविला त्याच्या वाट्यास केवळ वाट पाहणे उरते. माझ्या आईस मुलगा गेल्याचे दुःख भोगावे लागू नये म्हणून मी झटलो, आणि मुलाचे स्मरण करण्याची तिची चौदा महिन्यांची मुभा घेऊन बसलो. त्याच्या लहानपणची एक गोष्ट तिने कोणापाशी सांगितली नाही. कारण जो रजा मिळाली की येणार आहे त्याच्या आठवणी कोणी सांगत नाही.

मांजरास स्मरण असते किंवा काय, हे मी ठरवू शकत नाही. गंधावरून, जागेवरून, वेळेवरून ते काही ओळखते, एवढे तर दिसते. परंतु मला जे ठरविता येत नाही त्याचा निर्णय मी त्या पहाटे मोहाखाली कुदळीने करून टाकिला होता, आणि तो माझ्या सोयीचा केला होता. मनीला वास घेऊ देऊनही ती तशीच ओरडत राहिली असती, हे शक्य आहे. तरीही तो वास घेण्याचा हक्क तिचा होता. निदान तो नाकारण्याचा हक्क माझा नव्हता.

मनीचे रात्रीचे ओरडणे भाद्रपदाच्या मध्यास थांबले. नंतर ती आणखी पाच वर्षे जगली, जाडही झाली, आणि एक पोरका बोका घरात शिरला त्यास प्रथम बोचकारून मग गोणपाटावर जागा देती झाली. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती म्हातारपणाने गेली. या खेपेस मी घाई केली नाही. गोणपाटावरच तिला दुपारपर्यंत राहू दिले, आणि मुलांची मुले शाळेत जाण्यापूर्वी तिच्यापाशी बसून गेली. तो बोका सकाळी बाहेरून आला. तिचे नाक हुंगिले, कान हुंगिले, मग दोन हात दूर बसून पुष्कळ वेळ आपला पंजा चाटीत राहिला. खड्डा करिताना तो कुंपणावर होता. शेजारच्या बाई आता हयात नाहीत. असत्या तर त्यांना बोलाविले असते.

पहिल्या दोन रात्री काही आवाज झाला नाही. तिसऱ्या रात्री मागील दाराशी त्याने एकदा हाक दिली आणि थांबला. मी कंदील घेऊन उठलो, दार उघडिले आणि उंबऱ्यावर त्याच्याजवळ बसलो. तो बाहेर गेला नाही. मोहाच्या झाडाकडे तोंड करून तो बसला होता. पहाटे माझ्या पायांस मुंग्या आल्या तेव्हा दोघेही आत आलो.